ज्ञात उगम नाही

चित्रपट सुरू होऊन सव्वा तास झाला तरी वृंदा इंगवलेच्या वहीत एकच ओळ उतरली होती : 'डोळ्यांची चैन, डोक्याला सुट्टी.' तीही तिला धड वाटेना, कारण गेल्या पस्तीस वर्षांत ही ओळ तिने निदान दोनदा वापरली होती. अंधारातच तिने ती खोडली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर बघायला पुष्कळ होतं. शनीची कडी अशी उजळली होती, की बर्फाचा एक तुकडा अंगावर आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका समीक्षकाने खरोखर मान बाजूला घेतली. यानाच्या काचेवर साचलेलं दंव, त्यातून दिसणारा चिमूटभर सूर्य, सगळं कसं जपून, जीव ओतून केलेलं. पण गोष्ट? एकटा पडलेला अंतराळवीर, बिघडलेलं यान, पृथ्वीवर वाट बघणारी मुलगी आणि सगळं ठाऊक असून काही न सांगणारा संगणक. ही मंडळी वृंदाला इतक्या चित्रपटांत भेटली होती, की लग्नकार्यात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखी तिने त्यांची नावंही आता विचारली नसती. 'वलयवासी'चा दिग्दर्शक अभिनंदन चौगुले हा कोल्हापूरचाच, तिच्या घरी येणंजाणं असलेला, म्हणून तिला जरा वाईट वाटत होतं इतकंच.

मग तो प्रसंग आला.

अंतराळवीर आपल्या खोलीच्या कोपऱ्यात उभा राहिला. त्याने भिंतीच्या कडेला अंगठा टेकवला, करंगळी ताणली आणि विती मोजत मोजत पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेला. सोळा. आकडा त्याने पेन्सिलीने भिंतीवर लिहिला. काही दिवसांनी अठरा. मग एकवीस. हात वाळत चालले होते, बोटं आत वळत होती, वीत आखूड होत होती आणि भिंतीवरचा आकडा मात्र वाढत होता. चोवीसला तो थांबला, भिंतीकडे कौतुकाने बघत हसला आणि म्हणाला, "खोली वाढली गं. आता अर्धी भाड्यानं द्यायला हवी."

वृंदाने वही मिटली. हे वाक्य तिच्या नवऱ्याचं होतं. तो हात, ती पेन्सिल, सोळा आणि चोवीस हे आकडेसुद्धा त्यांचेच होते. पुढचं तिला काही दिसलं नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी मात्र सोहळा चालला होता. पुण्याहून आलेले राजोपाध्ये नावाचे ज्येष्ठ समीक्षक बशी हातात घेऊन सांगत होते, "बाकी सगळा उसना माल आहे हो, पण ती सहा मिनिटं! त्या भिंतीत आख्खं विश्व प्रसरण पावतंय. कुठून सुचलं असेल या माणसाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीने तर डोळे पुसले. वृंदाने चहा न घेताच रिक्षा पकडली.

समीक्षकांना अशी मिनिटं मोजायची सवय कशी लागली, हे सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी संगणकच चित्रपट रचू लागले. आठवड्याला शेकडो चित्रपट, सगळे देखणे आणि सगळे एकमेकांची सावत्र भावंडं. प्रेक्षक कंटाळले, चित्रपटगृहवाल्यांनी हात टेकले. तेव्हा 'दृश्यवंश' नावाची पद्धत निघाली. लोकांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव गोत्रयंत्र करून टाकलं.

हे यंत्र नुसतं साम्य शोधत नाही. दोन मुलांचं गणित बरोबर आलं तर त्यात विशेष काही नसतं, पण सत्तर आणि आठ मिळवून दोघांनीही एकोणऐंशी लिहिले असतील, तर मास्तर दोघांचे कान धरतात. चूक, योगायोग, सवय या गोष्टी नकळत वारशाने येतात. प्राण्यांचं नातं शोधणारे शास्त्रज्ञही जनुकांमधले असे निरुपयोगी, चुकून झालेले बदलच जुळवून बघतात. गोत्रयंत्र तेच करतं. एखाद्या दृश्यात दिवा उगाच दोनदा हलला असेल, तर तसाच उगाच दोनदा हललेला दिवा आधी कुठे होता ते काढतं आणि मागेमागे जात मूळ पुरुषापर्यंत पोचतं. त्यासाठी त्याच्या पोटात आजवरचे चित्रपट, मालिका, पुस्तकं, लोकांनी फोनवर काढलेल्या लग्नांच्या आणि बारशांच्या चित्रफिती, सगळं आहे. जे कुठल्याही कॅमेऱ्यापुढे घडलं नाही आणि कुणी लिहिलंही नाही, ते मात्र यंत्राच्या लेखी घडलेलंच नसतं.

यंत्राला मूळ सापडत नाही तो भाग नवा. असा नवा भाग शेकडा चार तरी असल्याशिवाय चित्रपट चित्रपटगृहात लागायचा नाही, असं नवता मंडळाने ठरवलं. 'वलयवासी'चा अहवाल आला होता : नवता चार पूर्णांक सहा दशांश. ती सगळीच्या सगळी त्या सहा मिनिटांची होती.

यंत्रावर शेवटचा शिक्का मात्र माणसाचा लागे. दर चित्रपटाला चिठ्ठी टाकून एक साक्षी समीक्षक निवडत. त्याने नव्या भागाखाली लिहून द्यायचं : 'या अंशाचा छापील, चित्रित वा खाजगी उगम माझ्या माहितीत नाही.' खाजगी हा शब्द नंतर घातला गेला. लोकांच्या घरातली दुःखं उचलून 'मला सुचलं' म्हणणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट झाला होता. उगम माहीत असेल तर नाव, गाव, तारखा, आजार, सगळं अर्जात भरायचं. तो अर्ज कुणालाही वाचायला खुला राही आणि तेवढा भाग नवतेतून वजा होई.

'वलयवासी'च्या चिठ्ठीत नाव निघालं होतं वृंदा इंगवले. उद्या पाच वाजेपर्यंतची मुदत होती.

वृंदाचे पती जयसिंगराव भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून दिल्या, बांधावरची भांडणं सोडवली, शिव्या खाल्ल्या. मग स्नायू झिजवणारा आजार झाला आणि त्याने पुढे मेंदूलाही हात घातला. शेवटचे तेरा महिने ते रोज दुपारी उठून बैठकीची खोली वितींनी मोजायचे. आकडा वाढला की खूश व्हायचे. सुरुवातीला वृंदाने समजावून पाहिलं, की अहो, खोली तेवढीच आहे, तुमचा हात आखडलाय. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर तिने समजावणं सोडलं आणि आकडा वाढला की गोडाचा शिरा करायला सुरुवात केली.

फोटो मात्र एकही नाही. तिने एकदा फोन उचलला होता, तर ते म्हणाले, "मोजणी चालू असताना फोटो काढायचा नसतो, शेजारच्या गटाचा मालक हरकत घेतो." आणि दुसरं, अगदी शुद्धीत असताना बजावलं होतं : ईश्वरीला यातलं काही कळू द्यायचं नाही. मुलगी तेव्हा मेलबर्नला संशोधन करत होती. कळलं असतं तर सगळं सोडून आली असती. त्यामुळे फोनवर बाबांची खुशाली तेवढी जायची. ईश्वरी पोचली ती अग्नी दिल्यानंतर. आजार शेवटी मेंदूपर्यंत गेला होता, एवढंच तिला तेव्हा सांगितलं; किती दिवस, ते नाही. पुढे तिच्या लग्नाच्या वेळी घराला रंग काढला, तेव्हा रंगाऱ्यांनी कपाटामागे झाकून ठेवलेले भिंतीवरचे आकडे घासून टाकले. वृंदा त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होती.

हे सगळं पाहिलेला आणखी एकच माणूस होता. जयसिंगरावांना दादा म्हणणारा, दर गुरुवारी त्यांच्याजवळ बसायला येणारा अभिनंदन.

उद्यमनगरात बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडमध्ये त्याचा स्टुडिओ होता. वृंदा आत शिरली तेव्हा बेचाळीस माणसं आपापल्या पडद्यांवर मान घालून बसली होती. तिला बघताच ती उठून उभी राहिली. साक्षी कोण आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. अभिनंदन तिला मागच्या खोलीत घेऊन गेला.

"बसा की, वहिनी."

"दर गुरुवारी यायचात ते ह्याच्यासाठी, भावजी?"

अभिनंदनचा चेहरा पडला. "देवाशप्पथ नाही. दादांसाठी यायचो. तुमच्याइतकंच मलाही ते..." त्याने खुर्ची पुढे ओढली. "दोन वर्षं मी इथं बसून काय करत होतो माहिताय? काहीही काढलं की यंत्र सांगायचं, शून्य. पुन्हा काढायचं, अर्धा टक्का. मला वाटायचं माझं आहे, ते कुणाचं तरी निघायचं. लहानपणापासून इतकं बघितलंय की माझं असं काही उरलंच नाही बघा. एक दिवस डोळे मिटून बसलो आणि दादांचा हात दिसला."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तसं लिहून द्यावं लागलं असतं. मग परत शून्यच की." त्याने मान खाली घातली. "चुकलो मी. पण तुम्ही अर्ज भरलात तर चित्रपट उद्या गोदामात जाईल. बाहेर बसलेत त्यांची दोन वर्षं जातील. आणि दादांचा तो हात कुणालाच दिसणार नाही."

वृंदा त्याच्यावर ओरडायला आली होती. पण शेवटच्या वाक्याशी ती अडली. सकाळी त्या अंधारात तिला राग आला होता, अपमान वाटला होता, हे खरंच; पण पाच वर्षांनी नवरा दिसला होता, हेही खरं होतं. नटाचा चेहरा वेगळा असला तरी करंगळी ताणताना ओठ मुडपायची लकब अभिनंदनने नेमकी घेतली होती. तिला त्याचा तिरस्कार करायचा होता आणि तो पुरता जमत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने अर्ज समोर घेतला. एक रकाना होता, 'उगमाशी संबंधित व्यक्तीचे नाव.' तिथे तिने 'जयसिंग' एवढं लिहिलं. पुढच्या रकान्यात आजार लिहायचा होता, त्याच्या पुढच्यात कालावधी. तेरा महिने, असं लिहिताना तिला ईश्वरी दिसली. मेलबर्नच्या घरात बसून मुलगी हे वाचेल. मग विचारेल की आई, तेरा महिने तू मला रोज फोनवर काय सांगत होतीस? मी आले असते ना?  नवऱ्याला दिलेला शब्द, हे उत्तर नवऱ्याच्या मागे टिकत नाही, हे तिला चांगलं कळत होतं.

चार वाजता तिने तो अर्ज फाडला आणि दुसऱ्यावर, 'माझ्या माहितीत नाही'च्या खाली, सही केली. अभिनंदनचा फोन आला तेव्हा तिने उचलला नाही.

'वलयवासी' धो धो चालला. समीक्षकांचं ठरल्यासारखंच झालं : बाकीच्या चित्रपटाला चार टोमणे आणि सहा मिनिटांना चार परिच्छेद. वृंदाने 'उसन्या चांदण्यांचं आकाश' असा मथळा देऊन चित्रपट पार सोलून काढला, पण त्या सहा मिनिटांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. वाचकांनी तिला धारेवर धरलं. बाईंचं वय झालं, त्यांना एवढी साधी सुंदर गोष्ट दिसली नाही, अशी पत्रं आली. पोरंसोरं आपापल्या खोल्या वितींनी मोजून चित्रफिती टाकू लागली. एका चहाच्या जाहिरातीतही तो हात आला. आणि यंत्राच्या वंशावळीत एक नवा मूळ पुरुष नोंदला गेला. इथून पुढे कुणीही कुठेही आखडत्या हाताने भिंत मोजली, तरी ती अभिनंदन चौगुलेच्या गोत्रात जमा होणार होती.

दोन महिन्यांनी ईश्वरीचा फोन आला. "आई, काल बघितला. अभिनंदनकाकांना कसं गं सुचलं हे? मी इतकी रडले. आणि सांगू, उगाचच मला बाबांची आठवण आली. का ते कळतच नाही."

वृंदाने फोन ठेवला. उगाचच, असं पोरीने म्हणावं, हे तिला सहन होईना. जयसिंगरावांच्या पुण्यतिथीला ईश्वरी येणारच होती. त्याआधी सांगायचं, असं तिने ठरवलं. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं. पण लिहिणं हा तर तिचा रोजचा उद्योग. तिच्या वर्तमानपत्रात दिवंगतांवर लिहायचं एक सदर होतं. तिने बाराशे शब्द लिहिले. मोजणी, पेन्सिल, शिरा, शेजारच्या गटाची हरकत, रंगारी, सगळं. ती खोटी सहीसुद्धा शेवटच्या परिच्छेदात कबूल केली. इतकं खरं तिने आयुष्यात लिहिलं नव्हतं. लिहिताना रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

लेख दोन तासांत परत आला. हल्ली वर्तमानपत्रंही मजकूर आधी गोत्रयंत्रातून काढत. वर लाल पट्टी होती : 'व्युत्पन्न, सत्त्याण्णव टक्के. मूळ : वलयवासी.' उपसंपादक मुलीने आदबीने फोन केला. "मॅडम, सिनेमाची छाया फार पडलीय. आणि शेवटी ते सहीचं कल्पित घेतलंय, त्याने मंडळ आपल्यावर दावा लावेल. सरांच्या खऱ्या आठवणी द्या ना काहीतरी."

वृंदाने लगेच अभिनंदनला फोन लावला. "भावजी, तुम्ही एकदा सांगा. जाहीर नको, नुसतं त्या मुलीला सांगा की हे घडलं होतं."

अभिनंदनने आवाज खाली आणला. "वहिनी, रागावू नका. मंडळाची भीती आहेच, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? दीडशे तरी मुलाखती दिल्या. कसं सुचलं, कसं सुचलं. सांगून सांगून मला आता दादांचा हात आठवतच नाही. नटाचाच आठवतो. ते भाड्याचं वाक्य दादांचं होतं की आमच्या लेखकानं घातलं, हेसुद्धा मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला आवाजावरून कळलं. खोटं बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

ईश्वरी पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी आली. दुपारी वृंदा उद्याच्या नैवेद्याच्या पानाची तयारी करत असताना ती आईचा टॅब घेऊन बैठकीच्या खोलीत बसली होती. वृंदा हात पुसत बाहेर आली, तेव्हा पडद्यावर तो लेख होता, लाल पट्टीसकट.

"वाचलास?" वृंदाने विचारलं. आता सुटका झाली, असं तिला वाटलं.

"आई, बस जरा माझ्याजवळ." ईश्वरीने तिचा हात हातात घेतला. डोळे भरले होते, पण त्यात राग नव्हता. त्यात भीती होती. "हे असं तुला कधीपासून वाटतंय?"

"वाटत नाही गं. घडलंय ते. इथेच, ह्या भिंतीला."

"आई, हे सिनेमातलं आहे."

"सिनेमात ते आपल्या घरातून गेलं."

"कुणी बघितलं होतं?"

"अभिनंदन भावजींनी."

"मी त्यांना आत्ताच फोन केला होता. ते म्हणाले, वहिनींना जप." ईश्वरीने अलगद टॅबवरचं दुसरं पान उघडलं. "आणि हे बघ. मंडळाच्या नोंदीत आहे. 'माझ्या माहितीत नाही.' खाली तुझी सही आहे. हे सगळं खरं असतं तर तू अशी सही केली असतीस? पैशासाठी नाही, ओळखीसाठी नाही, कशासाठीच तू कधी खोटं लिहिलं नाहीस. मी लहानपणापासून बघतेय तुला."

वृंदाने सहीकडे पाहिलं. सही ठसठशीत होती, हात कुठे कापलेला नव्हता. ती खोटी होती एवढं म्हटलं की झालं असतं. मग का केलीस, असं मुलीने विचारलं असतं. तुझ्यापासून लपवायला, असं सांगावं लागलं असतं. आणि तेरा महिने तुझा बाप इथे वितीवितीने संपत होता आणि मी तुला तिकडे पोस्टाने चिवडा पाठवत होते, हेही आलंच. ते सांगायची तिची तयारी होती, अगदी आत्ताही होती. पण ईश्वरी तिच्याकडे डॉक्टरसारखी बघत होती. काहीही सांगितलं तरी ते आजाराच्या खात्यात जाणार, हे त्या नजरेत स्पष्ट दिसत होतं.

"बाबांच्या आजारात मेंदूचंही होतं ना," ईश्वरी हळू आवाजात म्हणाली. "तसलं काही तुला... नाही, नसेलच. पण एकदा दाखवून येऊ. माझ्यासाठी चल. मी तिकडे एवढ्या लांब, मला झोप लागायची नाही गं."

 वृंदाने मुलीचा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"गोंधळ झाला माझा," ती म्हणाली. "फार वेळा बघितला मी तो सिनेमा."

"होतं असं. एकटी राहतेस ना." ईश्वरीने डोळे पुसले, थोडी हसली. मग तिला राहवलं नाही. "मग खरं काय करायचे बाबा? शेवटी शेवटी, दिवसभर?"

वृंदाने टॅबवरचं पान बंद केलं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "पडून असायचे."

ईश्वरीला हायसं वाटलं. तिने आईच्या खांद्यावर थोपटलं आणि डॉक्टरांची परवाची वेळ मिळते का बघायला फोन घेऊन ती बाहेरच्या कट्ट्यावर गेली.